चाळिशीनंतर शर्यतीत उतरताना: वय काय नेतं, काय ठेवतं

चाळिशी-पन्नाशीत धावायला लागलेल्या माणसाला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "आता या वयात कशाला? गुडघे जातील." आणि ग्रुपमधले उत्साही मित्र म्हणतात, "वय म्हणजे नुसता आकडा." पहिलं वाक्य बहुतांशी खोटं आहे. दुसरं पूर्णच खोटं आहे, आणि माझ्या मते जास्त माणसं त्या दुसऱ्यामुळे जायबंदी होतात.

वय शरीरातून काही गोष्टी नक्की काढून घेतं, पण सगळ्या एकदम नाही. आधी जातो वेग आणि पायातला जोर. त्याच्याच जोडीने व्यायामानंतर सावरण्याची क्षमता कमी होते. दमसास सर्वांत शेवटी जातो. नवखे धावपटू नेमकं उलटं वागतात. जो टिकणारच आहे त्या दमसासासाठी किलोमीटर वाढवत राहतात आणि जी निसटतेय त्या ताकदीकडे ढुंकूनही बघत नाहीत. पस्तिशी ओलांडून पहिल्यांदाच १० किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉनच्या शर्यतीत उतरू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. हा उलटा क्रम सुलटा कसा करायचा, एवढंच त्यात सांगायचं आहे.

उतार किती आणि कुठून

मॅरेथॉनच्या नोंदी समोर ठेवल्या की वयाचा उतार स्वच्छ दिसतो. केनियाचा केल्विन किप्टम २०२३ मध्ये शिकागोत २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत धावला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. इथिओपियाचा केनेनिसा बेकेले २०२४ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ४१व्या वर्षी २:०४:१५ मध्ये आला, म्हणजे किप्टमपेक्षा फक्त ३ टक्के जास्त वेळ. उत्तर आयर्लंडचे टॉमी ह्यूज २०२० मध्ये साठाव्या वर्षी २:३०:०२ धावले. हा फरक २४ टक्क्यांचा झाला. कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ मध्ये ७३व्या वर्षी २:५४:४८ धावले, ४५ टक्के फरक. आणि हेच व्हिटलॉक २०१६ मध्ये ८५व्या वर्षी ३:५६:३४ धावले, म्हणजे किप्टमच्या जवळजवळ दुप्पट वेळ.

हे आकडे एकमेकांशेजारी मांडले की दिसतं, चाळिशीपर्यंत उतार जवळपास नाहीच. चाळीस ते साठ या काळात दर वर्षी साधारण एक टक्का जातो. साठीनंतर दीड टक्क्याच्या आसपास, आणि पंचाहत्तरीच्या पुढे घसरण तीव्र होते. ही वेगवेगळी माणसं आहेत, आणि वय वाढेल तसे स्पर्धेत उतरणारेही कमी होत जातात, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. पण उताराचा आकार असाच असतो.

नवख्याने यातून घ्यायचं ते वेगळंच आहे. हा उतार माणसाच्या कमाल मर्यादेचा आहे, आणि तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. मर्यादा वर्षाला एक टक्क्याने खाली येते, पण सातत्याने सराव करणारा नवखा माणूस पहिल्या काही वर्षांत त्याच्या कितीतरी पट सुधारतो. ५ किलोमीटरला ३६ मिनिटं घेणारा माणूस ३० मिनिटांवर आला की १७ टक्के मिळवतो. म्हणून ४८व्या वर्षी सुरुवात केलेला माणूस ५३व्या वर्षी पूर्वीपेक्षा वेगाने धावताना सर्रास दिसतो. जन्माचं वय एक आणि धावण्याचं वय दुसरं. व्हिटलॉक तरुणपणी इंग्लंडमध्ये धावत, मग बरीच वर्षं खंड पडला आणि चाळिशीत ते परत धावायला लागले. जपानच्या मारिको युगेता तीन तासांच्या आत पहिल्यांदा आल्या त्या ५८व्या वर्षी. २०२१ मध्ये ओसाकात ६२व्या वर्षी त्यांनी २:५२:१३ ची वेळ दिली.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. साठी-सत्तरीतल्या स्त्रियांच्या जुन्या नोंदी पुरुषांच्या मानाने बऱ्याच मागे दिसतात. त्यावरून स्त्रियांचं शरीर लवकर थकतं असा निष्कर्ष काढणारे भेटतात. बोस्टन मॅरेथॉनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला. ज्यांना तरुणपणी धावूच दिलं नाही, त्यांच्या म्हातारपणच्या वेळा कशा चांगल्या असतील? ती पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणाऱ्या जोन बेनॉइट सॅम्युएलसन २०१९ मध्ये ६१व्या वर्षी बोस्टनला ३ तास ४ मिनिटांत धावल्या. तिथेच १९७९ मध्ये जिंकताना त्यांना २:३५:१५ लागले होते. चाळीस वर्षांत अर्ध्या तासाहून कमी फरक.

आत काय बदलतं

हृदयाचे जास्तीत जास्त ठोके वयाबरोबर कमी होतात आणि हे कुठल्याही सरावाने थांबत नाही. त्यामुळे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, खाली येते. बसून काम करणाऱ्या माणसात दर दहा वर्षांनी सुमारे १० टक्के, तर नेटाने सराव चालू ठेवणाऱ्यात साधारण त्याच्या निम्म्याने. स्नायू बारीक होतात, त्यातही झटका देणारे वेगवान तंतू आधी. पोटरीचा आणि घोट्याचा रेटा कमी पडतो, म्हणून पाऊल आखूड पडू लागतं. मिनिटाला पडणारी पावलं मात्र फारशी बदलत नाहीत. वयस्क धावपटू मंदावतो तो मुख्यतः पाऊल आखूड झाल्याने.

ठरावीक वेगाला किती ऊर्जा लागते, म्हणजे धावण्यातली काटकसर, ती मात्र सराव असेल तर बरीचशी टिकते. आपल्या कमाल क्षमतेचा किती मोठा हिस्सा तासभर वापरता येतो, तेही टिकतं. लांब पल्ला वयस्कांना साथ देतो तो यामुळे.

आणि गुडघे? छंद म्हणून धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण बसून राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं आहे. घरच्यांना हे सांगा. गुडघा आधीच दुखत असेल, जुनी शस्त्रक्रिया असेल किंवा वजन बरंच जास्त असेल, तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पहिली पायरी: तपासणी

ही पायरी टाळून पुढे जाऊ नका. भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो, बऱ्याचदा लक्षणांशिवाय. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि ईसीजी एवढं तरी करून घ्या. चाळिशी ओलांडली असेल आणि घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तंबाखूची सवय असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालताना-धावताना काढलेला ईसीजी) करायची का ते डॉक्टरांना विचारा. अहवाल चांगला आला म्हणून आयुष्यभराची हमी मिळत नाही. धावताना छातीत दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणं, नेहमीच्या वेगाला अचानक धाप, चक्कर, नाडी अनियमित लागणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा. ग्रुपमधले पुढे गेले तरी चालतील.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात, त्यामुळे घड्याळावरचे हार्ट रेट झोन (ठोक्यांवरून ठरवलेले श्रमाचे टप्पे) तुमच्यासाठी निरुपयोगी आहेत. लांब धावण्याआधी किंवा शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत काही ग्रुपमध्ये दिसते. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी गोळी आणि अंगातलं कमी झालेलं पाणी मिळून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर जास्तच. ही पद्धत आपल्या ग्रुपमध्ये दिसली तर बोलून दाखवा.

पाळी थांबण्याच्या सुमारास असलेल्या किंवा थांबलेल्या स्त्रियांनी हाडांच्या घनतेची तपासणी करायची का हेही विचारावं. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि अशात एकदम किलोमीटर वाढवले तर पायाच्या हाडाला बारीक तडा जातो.

दुसरी पायरी: आपण कुठे आहोत

सलग चाळीस मिनिटं भरभर चालता येत नसेल तर आधी तेवढं साधा. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं अशी सुरुवात करा आणि चालणं हळूहळू कमी करत आणा. सलग ५ किलोमीटर जमले की सपाट रस्त्यावर एकदा वेळ लावून धावा आणि ती वेळ तारखेसकट लिहून ठेवा.

कमाल ठोक्यांसाठी २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे नंतरचं सूत्र वयस्कांना जास्त लागू पडतं. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८० येतं, पण साठाव्या वर्षी पहिलं १६० सांगतं आणि दुसरं १६६. दोन्ही सरासऱ्या आहेत, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. म्हणून मी नवख्यांना घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी वापरायला सांगतो. सोप्या धावण्यात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर ते सोपं धावणं नाही.

तिसरी पायरी: आठवड्याऐवजी पंधरवडा धरा

तिशीतल्या मुलाला कठीण सरावानंतर एक दिवस पुरतो. पंचेचाळिशीत दोन लागतात, साठीत कधी तीन. इंटरनेटवरून उतरवलेले बहुतेक तक्ते सात दिवसांचे असतात आणि त्यात दोन कठीण सराव अधिक रविवारचा लाँग रन कोंबलेला असतो. ते तरुणांचे तक्ते आहेत. वयस्कांनी सरावाची तीव्रता कमी करायची नसते, दोन तीव्र सरावांमधलं अंतर वाढवायचं असतं. ही एक गोष्ट पाळली तरी निम्म्या दुखापती टळतील असं मला वाटतं.

नोकरी-धंदा सांभाळणाऱ्याला रविवारच मोकळा असतो, म्हणून चौदा दिवसांचं चक्र सोयीचं पडतं. एका रविवारी लाँग रन. पुढच्या रविवारी त्याच्या निम्मं अंतर, पण त्यात टेम्पो (दमवणाऱ्या, पण टिकवता येणाऱ्या गतीने सलग धावणं) किंवा चढ. मधल्या दोन्ही आठवड्यांत बुधवार-गुरुवारच्या सुमारास एकदा थोडा वेग. उरलेल्या धावण्याच्या दिवशी अगदी सोपं. आठवड्यात धावायचे दिवस तीन, फार तर चार. दोन दिवस ताकदीचे. एक दिवस पूर्ण आराम, आणि आराम म्हणजे त्या दिवशी ट्रेकही नाही.

सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल, झोप नीट झाली नसेल, जिना उतरताना मांड्या बोलत असतील, तर कठीण सराव पुढे ढकला. तक्ता कुठे पळून जात नाही.

चौथी पायरी: ताकद

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. पस्तिशीपासून स्नायू झिजत असतात आणि नुसतं धावणं ही झीज थांबवत नाही. हजारो किलोमीटर धावलेल्या पन्नाशीतल्या माणसाला एका पायावर पंचवीस वेळा टाच उचलायला सांगा, बारा-पंधराला पाय थरथरतो.

पोटरीपासून सुरुवात करा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच खाली सोडायची आणि सावकाश वर उचलायची. आधी दोन्ही पायांवर बारा-बाराच्या तीन फेऱ्या, काही आठवड्यांनी एका पायावर. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण आतली खोल पोटरी वाकलेल्या गुडघ्यात काम करते आणि धावताना सगळ्यात मोठा भार तीच उचलते. एका पायावर सलग वीस-पंचवीस हे ध्येय धरा.

मग बैठका, एक पाय पुढे टाकून खाली जाणं, उताणं झोपून कंबर उचलणं, प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं), आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. दोन महिन्यांनी त्यात वजन घाला. डंबेल नसतील तर पाठपिशवीत पुस्तकं भरा. आपल्याकडे सूर्यनमस्कार घालतो म्हणून वेगळी ताकद नको असं मानणारे खूप आहेत. सूर्यनमस्कार उत्तमच, लवचिकतेसाठी आणि श्वासासाठी जरूर घाला, पण हाडांना आणि वेगवान तंतूंना जागं ठेवायला वाढत जाणारा भार लागतो. तो सूर्यनमस्कारात वाढत नाही.

ताकदीला खाणंही लागतं. वयस्क स्नायूला तेवढ्याच प्रथिनांतून कमी लाभ होतो, म्हणून गरज वाढते. नियमित सराव करणाऱ्याने वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं धरावीत. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, १०० ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. म्हणजे पोहे, वरणभात आणि रात्री पोळीभाजी एवढ्यावर हिशेब जुळत नाही. न्याहारीला मोडाची उसळ किंवा अंडी, दुपारी दही आणि घट्ट डाळ, रात्री पनीर, सोया, मासे किंवा चिकन असं प्रत्येक जेवणात वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

पाचवी पायरी: वेग सोडू नका

"आता वेगाचं काय काम, आपल्याला फक्त पूर्ण करायची आहे," असं म्हणून लोक वर्षानुवर्षं एकाच संथ गतीने धावतात. वापरला नाही तो वेग जातो, आणि पन्नाशीनंतर परत आणायला फार कष्ट पडतात.

सुरुवात स्ट्राइड्सनी करा. सोप्या धावण्याच्या शेवटी पंधरा-वीस सेकंद छान सैल, जलद धावायचं आणि मग दीड-दोन मिनिटं चालायचं. असे चार, पुढे सहा. जीव तोडून धावायचं नाही. दोन महिन्यांनी छोटा चढ घ्या. पुण्यात टेकड्यांना तोटा नाही, मुंबईत उड्डाणपुलाची चढण, गावाकडे कुठलाही घाटरस्ता. चढावर वेग कमी असल्याने पायाला बसणारे हादरे कमी आणि पोटरी-मांडीला काम भरपूर, म्हणून वयस्कांसाठी सपाटीवरच्या इंटरव्हलपेक्षा (मधेमधे विश्रांती घेत वेगाने धावण्यापेक्षा) चढ सुरक्षित.

एक सावधगिरी. हृदय आणि फुप्फुसं सहा-आठ आठवड्यांत तयार होतात, पण टाचेमागचा अकिलीस टेंडन आणि तळपायाची पट्टी तयार व्हायला महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात दम वाढलेला असतो, उत्साह असतो, आणि तेव्हाच टाच धरते. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नसेल, तर सराव थोडा कमी करून चालू ठेवता येतो. सकाळची पहिली पावलं टाकताना टाच दर दिवशी जास्त आखडत असेल, किंवा लंगडत धावावं लागत असेल, तर थांबा आणि फिजिओकडे जा. या वयात पूर्ण विश्रांतीचे दोन महिने फार महाग पडतात. लवकर थांबलात तर बहुधा दोन आठवड्यांत परत येता.

सहावी पायरी: शर्यत आणि वयोगट

जागतिक मास्टर्स स्पर्धांमध्ये, म्हणजे पस्तिशीपुढच्यांच्या स्पर्धांमध्ये, ३५ पासून दर पाच वर्षांचा एक गट असतो, आणि वय स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं धरतात. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या शर्यतींत मात्र प्रत्येक आयोजक गट वेगळे पाडतो. कुठे दहा वर्षांचे, कुठे ४५ च्या पुढे सगळे एकत्र. वय कुठल्या तारखेचं धरणार, ओळखपत्र कोणतं लागणार आणि बक्षीस गन टाइमवर (शर्यत सुटल्यापासूनची वेळ) आहे की चिप टाइमवर (तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासूनची वेळ), हे नाव नोंदवण्याआधी वाचा.

महाराष्ट्रात मोसमही जुळून येतो. पावसाळ्यात हवा थंड असते, तेव्हा पाया भरायचा. सप्टेंबरच्या सुमारास सातारा हिल हाफ मॅरेथॉन असते आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. साताऱ्याला नवख्यांनी पहिलीच शर्यत म्हणून जावं असं मला वाटत नाही. यवतेश्वर घाटाची चढण माणूस चालूनही काढतो, पण परतीचा उतार मांड्या फाडतो, आणि उताराने झालेली ही इजा भरून यायला वयस्क स्नायूला जास्त दिवस लागतात. आधी सपाट १० किलोमीटर, मग सपाट हाफ, आणि सातारा पुढच्या वर्षी, उतरण्याचा सराव करून.

पूर्ण मॅरेथॉनची घाई करू नका. किमान दोन वर्षं सातत्याने धावलेल्यानेच तिचा विचार करावा.

सातवी पायरी: वेळ वयाच्या तराजूत

मास्टर्स धावपटूंसाठी एज-ग्रेडिंगची कोष्टकं आहेत. त्या अंतरासाठी तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या सर्वोत्तम पातळीची जी प्रमाण वेळ असेल, तिला तुमच्या वेळेने भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा प्रमाण वेळ ४० मिनिटं आहे आणि तुम्ही ६० मिनिटांत धावलात, तर तुम्ही ६६.७ टक्क्यांवर आहात. ६० टक्के म्हणजे चांगली स्थानिक पातळी, ७० प्रादेशिक, ८० राष्ट्रीय आणि ९० जागतिक, असं ढोबळ मानतात. गणकयंत्रं इंटरनेटवर फुकट मिळतात.

याचा खरा उपयोग स्वतःशी तुलना करायला होतो. ५५व्या वर्षी १० किलोमीटरला ६० मिनिटं लागली आणि पुढच्या वर्षी ६० मिनिटं ३० सेकंद. घड्याळ सांगतं तुम्ही मंदावलात. पण प्रमाण वेळच वर्षाला सुमारे एक टक्क्याने, म्हणजे तुमच्या हिशेबात छत्तीस सेकंदांनी, सरकते. तुम्ही प्रत्यक्षात किंचित सुधारलात.

हाच विचार बोस्टन मॅरेथॉनच्या पात्रता वेळांत दिसतो. २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २:५५ लागत होते, ४५ ते ४९ ला ३:१५, ५५ ते ५९ ला ३:३० आणि ६० ते ६४ ला ३:५०. स्त्रियांसाठी याच गटांत ३:२५, ३:४५, ४:०० आणि ४:२०. साठीला एकदम वीस मिनिटांची सवलत मिळते, आणि वय बोस्टनच्या दिवशीचं धरतात. म्हणून एकोणसाठीतले धावपटू तारखा मोजून पात्रता शर्यत निवडतात, आणि त्यात गैर काही नाही.

शर्यतीचा दिवस

आदल्या आठवड्यात धावणं निम्म्यावर आणा, पण दोन-चार स्ट्राइड्स ठेवा. सकाळी वॉर्म-अपला तरुणांपेक्षा जास्त वेळ द्या. दहा मिनिटं भरभर चालणं, पाच मिनिटं हलकं धावणं, घोटे आणि खुबे मोकळे करणं. थंड स्नायूवर जोरात सुटलात की पोटरी ओढली जाते.

पहिले तीन किलोमीटर मुद्दाम सावकाश. गर्दी पुढे जाईल, जाऊ द्या. सम गतीने धावणं ही वयस्कांची मोठी ताकद आहे, आणि मुंबईत परतीच्या पेडर रोडच्या चढणीवर तिचा हिशेब चुकता होतो. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते आणि घाम उशिरा सुटतो, त्यामुळे दमट हवेत तहान लागेपर्यंत थांबू नका. प्रत्येक टेबलावर पेला रिकामा करण्याचीही गरज नाही, कारण नुसतं पाणी फार प्यालं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही घातक आहे. दोन-तीन घोट, मधेच मीठ-साखरेचं पाणी, आणि हे सगळं लाँग रनमध्ये आधीच करून बघितलेलं असावं.

नंतरचे दिवस

१० किलोमीटरनंतर चार-पाच दिवस, हाफनंतर दहा-बारा दिवस कठीण काही नाही. चालणं आणि हलकं धावणं चालेल. पन्नाशीपुढच्यांनी याला आणखी तीन-चार दिवस जोडावेत. मोसमात शर्यती खूप असतात आणि ग्रुपचा आग्रह मोडवत नाही, पण जीव लावून धावायच्या शर्यती वर्षाला दोन, फार तर तीन ठेवा. बाकीच्या ठिकाणी नाव घातलंच असेल तर सोप्या लाँग रनसारखं धावा.

आणि वेळा लिहिण्याची वही दर पाच वर्षांनी नवी सुरू करा. ४५ लागलं की ४० ते ४४ मधल्या सर्वोत्तम वेळा जुन्या वहीत राहतात. नव्या पानावर फक्त या गटातल्या वेळा लिहायच्या, सोबत टाच उचलण्याचा आकडा आणि सकाळची नाडीही.